फॉरमॅट मारण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरचं दुखणं फुकटच्या साधनांनी कसं शोधायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लोक अर्ज टाइप करून घ्यायला, झेरॉक्स काढायला येतात आणि जाता जाता पिशवीतून लॅपटॉप काढून पुढं ठेवतात. "ताई, लई स्लो झालाय ओ. फॉरमॅट मारून द्या की." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. बहुतेकांचं मागणं हेच असतं, आणि बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. काही वेळा तर फॉरमॅटनंच सगळं हातचं जातं.

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव आले होते. लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं लागत होती. सभासदांच्या दुधाचा सहा वर्षांचा हिशोब, फॅट-एसएनएफच्या (म्हणजे दुधाच्या कसाच्या) नोंदी, दिवाळीच्या फरकाच्या याद्या, सगळं त्याच लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये. दुसरीकडं प्रत नाही. कुणीतरी त्यांना फॉरमॅटचा सल्ला दिला होता. आम्ही आधी पाच मिनिटं नुसतं बघितलं. विंडोजला काही झालं नव्हतं, हार्ड डिस्कच जायला टेकली होती. त्या दिवशी फॉरमॅट केलं असतं तर सहा वर्षांचा हिशोब गेला असता.

माझे मामा शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. मशीन कुरकुरायला लागलं की ते लगेच पाना हातात घेत नसत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवरच्या झाकणाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कुठलं बेअरिंग गेलंय ते कळल्यावरच मशीन उघडायचं. कॉम्प्युटरलाही हाच नियम लावा: आधी बघायचं, मग हात लावायचा. बघायची साधनं जवळजवळ सगळी फुकट आहेत, आणि निम्मी तर तुमच्या विंडोजमध्येच आहेत. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

काहीही करण्याआधी

ज्या फाइली गेल्या तर रडायची वेळ येईल, त्या आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. "नंतर करतो" म्हणू नका. स्क्रीनवर एररचा मेसेज आला असेल तर तो बंद करण्याआधी मोबाइलनं फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही. त्या मेसेजमधला आकडा हाती असेल तर निम्मं काम होतं.

मग रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. दोन्ही एकच वाटतात, पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. म्हणजे कालचा गुंता आजही तसाच. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. रोज शट डाउन करूनही प्रिंटर दिसत नाही, आवाज येत नाही, अशा कितीतरी तक्रारी एका रीस्टार्टनं मिटतात.

कोण खातंय ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये खिडकी छोटी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. घाई न करता दोन मिनिटं बघत बसा.

सीपीयू सतत नव्वदच्या वर असेल तर वर आलेल्या नावाकडं बघा. ते विंडोज अपडेटचं किंवा व्हायरस स्कॅनचं असेल तर चार्जर लावून तासभर वाट बघा, आपोआप उतरेल. मेमरी भरली असेल आणि वर क्रोमच्या नावाखाली पंचवीस टॅब असतील, तर टॅब बंद करा. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपला 'रॅम बूस्टर' नावाच्या सॉफ्टवेअरनं काडीचा फायदा होत नाही. शक्य असेल तर ८ जीबी करून घ्या, पैसे तिथं घाला. आणि तुम्ही काहीही उघडलेलं नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर बसून राहिली असेल, तर पुढचा डिस्कचा भाग नीट वाचा.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असं एक पान आहे. कॉम्प्युटर चालू होताना कोण कोण सोबत उठतं त्याची ही यादी. गेमचे लाँचर, मीटिंगची अ‍ॅप, कुठल्यातरी प्रिंटरसोबत आलेला 'अपडेटर', यांच्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. यात काही डिलीट होत नाही, हवं तेव्हा परत चालू करता येतं. टचपॅड, आवाज आणि विंडोज सिक्युरिटीच्या नावांना मात्र हात लावू नका.

अजून एक साधन आहे, ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. स्टार्ट दाबून इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा आलेख येतो आणि ज्या दिवशी काही बिघडलं तिथं लाल फुली असते. त्या दिवसावर क्लिक केलं की कुठला प्रोग्रॅम पडला, त्याच दिवशी काय नवीन बसवलं होतं, ते खाली दिसतं. "कधीपासून होतंय?" या माझ्या प्रश्नाला लोक "बरेच दिवस झाले" म्हणतात. हा आलेख तारीख सांगतो. फुल्या सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नवा प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेला दिसला तर तोच आधी काढून बघायचा.

फुकट म्हणजे कुठूनही नव्हे

यापुढची साधनं डाउनलोड करावी लागतात, म्हणून आधी हे वाचा. सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्याच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी लिंक अनेकदा जाहिरात असते. डाउनलोडच्या पानावरचं मोठं हिरवं बटणही बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचं असतं. खरी लिंक बारीक अक्षरात असते. फाइल आल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान आहे का आणि तिथं बनवणाऱ्याचं नाव आहे का बघा. प्रत्येक चांगल्या साधनाला सही असतेच असं नाही, पण असली तर मन निश्चिंत होतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर' बसवू नका. ते चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

अधिकृत साइटही कायम निर्धोक नसते. २०१७ साली सीसीक्लीनर या प्रसिद्ध सफाईच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी व्हायरस घुसवला आणि तो कंपनीच्याच सर्व्हरवरून लाखो कॉम्प्युटरवर पोचला. म्हणून साधनं मोजकीच ठेवा. 'रजिस्ट्री क्लीनर' हा प्रकार तर पूर्ण टाळा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही. तिच्यातल्या शे-दोनशे जुन्या नोंदींनी कॉम्प्युटर हळू होत नाही, पण चुकीची एक नोंद उडाली तर विंडोज उठत नाही.

डिस्कची नाडी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे जपानी बनावटीचं छोटं, फुकट साधन आहे. साइटवर त्याच्या कार्टूनच्या चित्रांच्या आवृत्त्याही दिसतील. आपल्याला साधी 'स्टँडर्ड एडिशन' पुरे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. हे साधन ती नोंद फक्त वाचून दाखवतं, तुमच्या फाइलींना हात लावत नाही. म्हणून ते आजारी डिस्कवरही चालवायला हरकत नाही.

उघडल्यावर डावीकडं एक रंगीत चौकट दिसते. निळी असेल आणि 'गुड' लिहिलं असेल तर ठीक. पिवळी म्हणजे 'कॉशन'. लाल म्हणजे 'बॅड'. खाली लांबलचक यादी असते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कसाठी तिच्यातल्या तीनच ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. डिस्कवरचा एखादा तुकडा खराब झाला की डिस्क राखीव जागेतला तुकडा त्याच्या बदल्यात वापरते. असे किती बदलले ते ०५ सांगते. जे तुकडे वाचताना डिस्क अडखळतेय आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे, ते सी५ मध्ये. जे वाचताच आले नाहीत ते सी६ मध्ये. या तीन ओळींसमोर उजवीकडच्या 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात सगळे शून्य असतील तर छान. मधे अक्षरं दिसली तर गोंधळू नका, आकडे वेगळ्या मोजणीत लिहिलेले असतात. शून्य आहे की नाही एवढंच बघायचं.

सचिवांच्या लॅपटॉपवर चौकट पिवळी होती आणि सी५ समोर शून्य नव्हतं. अडखळणारा तुकडा डिस्क पुन्हा पुन्हा वाचत बसते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये ती शंभर टक्के दिसते आणि आपल्याला कॉम्प्युटर 'स्लो' वाटतो. लॅपटॉपला कान लावला तर बारीक टक्-टक् ऐकू येत होतं.

अशा वेळी काय करायचं ते क्रमानं सांगते, कारण इथं चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) करू नका. विंडोजच्या 'चेकडिस्क' या डिस्क तपासायच्या साधनाची दुरुस्ती चालवू नका. त्यात डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचली जाते आणि आधीच दमलेली डिस्क तिथंच मान टाकू शकते. फॉरमॅट तर नकोच. बाहेरची डिस्क जोडा आणि सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर आधी कॉपी करा, मग त्याखालचा. सिनेमे आणि गाणी शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर 'स्किप' करून पुढं जा, ती फाइल नंतर बघू. आम्ही हिशोबाचा फोल्डर पहिला घेतला. चहा पिऊन होईपर्यंत तो बाहेर आला होता, बाकीच्याला संध्याकाळ झाली. दोन फाइली वाचल्या गेल्या नाहीत, त्या २०१९ च्या कोटेशनच्या होत्या. मग जुनी डिस्क काढून एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) बसवली आणि विंडोज नव्यानं टाकलं. लॅपटॉप तोच आहे, अर्ध्या मिनिटात उठतो.

एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो टक्क्यांत आयुष्य दाखवतं. ते हळूहळू उतरणं स्वाभाविक आहे. पण एसएसडी कधी कधी काही कल्पना न देता एकदम जाते, तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून कॉपी ठेवायची सोडू नका.

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर

डिस्क निरोगी आहे पण भरली आहे, ही सोपी अडचण. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जा आणि 'टेम्पररी फाइल्स' काढा. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'वर खूण आहे का ते मात्र बघा; लोकांचे दाखले आणि मार्कशीट तिथंच पडलेली असतात. एवढ्यानं भागलं नाही तर विझट्री घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. कुठला फोल्डर किती जागा खातो ते काही सेकंदांत मोठ्याकडून लहानाकडं लावून दाखवतं. विन्डरस्टॅट हे त्याच कामाचं दुसरं. बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ किंवा मोबाइलचा जुना बॅकअप सापडतो. 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांतलं काहीही हातानं डिलीट करू नका, कितीही मोठं दिसलं तरी.

पेनड्राइव्हमधल्या फाइली शॉर्टकट झाल्या

ही अ‍ॅडमिशनच्या दिवसांतली रोजची कहाणी. मुलं प्रिंट काढायला चार दुकानं फिरतात, आणि घरी गेल्यावर पेनड्राइव्हमध्ये फाइलींच्या जागी नुसते शॉर्टकट. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो आणि त्याच्याच पाठोपाठ तुमचा फोल्डरही उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

तर डबल क्लिक नको. फाइल एक्सप्लोररमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसनं स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' पानावर 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि त्याच्या खालच्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची खूण काढा. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. आता खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. कधी कधी सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेलं असतं, तोही इथंच दिसतो. त्यातल्या आपल्या ओळखीच्या फाइली, पीडीएफ, फोटो, वर्ड, तेवढ्या कॉपी करून घ्या. अनोळखी नावाचं काही घेऊ नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथं फॉरमॅट बरोबर आहे, कारण सामान बाहेर काढलंय. ती काढलेली खूण परत लावायला विसरू नका.

कॉम्प्युटरलाही लागण झाली असेल तर विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. ते विंडोज उठण्याआधीच तपासतं, त्यामुळं व्हायरसला लपायला जागा राहत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती एकदा चालवा. दोन अँटिव्हायरस कायमचे सोबत ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

मराठी फाइल उघडली आणि अक्षरांची भेळ झाली

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर उघडावा आणि समोर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते. श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलीत आतून साठवलेली असतात ती इंग्रजीच चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर मराठी आकार चढवतो. तो फॉन्ट तुमच्याकडं नसला की अंगरखा उतरतो.

मजकूर निवडून वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. तिथं हव्या असलेल्या फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. ज्यानं फाइल पाठवली त्याच्याकडून पीडीएफ मागून घेणं सगळ्यात सोपं. मजकूर बदलायचाच असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर एका ठरावीक फॉन्टवर अडत नाही. रूपांतर करणारी फुकट पानं आहेत, पण आधार क्रमांक किंवा जमिनीचे तपशील असलेला मजकूर अनोळखी साइटवर टाकू नका. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' हमखास तपासा, गडबड तिथंच होते.

आणि स्वतः यापुढं युनिकोडमध्येच टाइप करा, काही विकत घ्यायला लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्डही आहे, म्हणजे उच्चाराप्रमाणं इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. रोज मराठी टाइप करणाऱ्यांनी मात्र इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिकावं असं माझं ठाम मत आहे. डावीकडं स्वर, उजवीकडं व्यंजनं, आठवड्याभरात बोटं बसतात. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' अनेकांना जमत नाही, म्हणून सांगते: शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग प्रश्नचिन्हाची कळ, मग ई. 'दुसर्या' असं छापलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं, एका कळीचा तर प्रश्न असतो.

छापायला देताना पीडीएफ करूनच द्या. पैसे न भरता वर्डच्या फाइली उघडायच्या असतील तर लिबरऑफिस आहे, त्यात पीडीएफ करायचं बटणही आहे. फॉन्ट हवे असतील तर नोटो आणि मुक्ता हे दोन्ही फुकट आणि देखणे आहेत.

विंडोजच बिनसलं असेल तर

डिस्क निरोगी, व्हायरस नाही, तरी स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज बंद पडतात, असं असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासायच्या. स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी टाइप करा, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत इंग्रजीत एसएफसी, एक स्पेस, तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची) आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असं लिहून एंटर मारा. मधे आकडा थांबल्यासारखा वाटेल, खिडकी बंद करू नका.

चुकून डिलीट झालेली फाइल हवी असेल तर आधी रिसायकल बिन बघा. तिथं नसेल तर त्या ड्राइव्हवर काही नवीन साठवू नका, शोधायचं साधनही त्यावर बसवू नका. रेकुव्हा किंवा फोटोरेक पेनड्राइव्हवरून चालवा. फोटोरेकला मूळ नावं परत आणता येत नाहीत, ढिगातून शोधावं लागतं. एसएसडीवरून डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा फार कमी असते.

आणि स्क्रीनभर लाल पान येऊन, भोंगा वाजून "व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं दिसलं, तर ते निव्वळ वेबपान आहे. ऑल्ट आणि एफ४ दाबा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन करू नका, कुणाला लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवणारं रिमोट अ‍ॅप बसवू देऊ नका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

दुकानात नेताना

डिस्कची चौकट लाल असेल, लॅपटॉप चालूच होत नसेल, किंवा तो पावसात भिजला असेल तर घरी खटपट न करता माहितगाराकडं न्या. भिजलेला असेल तर चालू करून बघू नका, चार्जरही लावू नका. सोबत एररचा फोटो, रिलायबिलिटीच्या आलेखावरची पहिल्या फुलीची तारीख आणि डिस्कच्या चौकटीचा रंग लिहून न्या. "फॉरमॅट मारा" असं म्हणू नका, "स्लो होतोय, कशामुळं ते बघून सांगा" असं म्हणा. आत डेटा आहे आणि त्याची कॉपी नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या, ती तुमची आहे आणि तिच्यात अजून तुमच्या फाइली आहेत.